शंभरातले कोणते

नवेगाव बांध
१२ जून २०२४

केवळराम यास केशोचा रामराम.

चाळीस वर्षांच्या दोस्तीत पहिल्यांदा तुला पत्र लिहून राहिलो. फोन काऊन नाही केला म्हणशील, तर दोन वाक्यं बोललो की माझा दम भरतो आणि तुझा डावा कान तर मिलच्या बॉयलरनं कधीचाच नेला. मी इकडून खोकणार, तू तिकडून ‘काय, काय’ करणार आणि ढाब्यावरचे ट्रकवाले हसणार. त्यापेक्षा कागद बरा.

जानेवारीपासून उजव्या बाजूला छातीत दुखत होतं. पाणी झालं म्हणाले. काढलं, परत भरलं. तीन महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. लघवी लाल झाली, छाती तशीच. मग पोरगा दुर्गेश नागपूरला घेऊन गेला. तिथं बरगड्यांमधून बारीक तुकडा काढून तपासला आणि वीस मे रोजी रिपोर्ट आला. टीबी नाही. फुप्फुसाच्या वरून जे पातळ आवरण असते त्याचा कॅन्सर आहे. मेसोथेलिओमा. माझ्या सुनेनं, दुर्गानं, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं तेव्हा कुठं मला ते नाव म्हणता आलं.

डॉक्टरनं बिडीचं नंतर विचारलं. आधी विचारलं, "काका, अ‍ॅस्बेस्टॉसचं काम केलं होतं का कधी?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "पाइपावर, बॉयलरवर लावायची पांढरी भुकटी?" तेव्हा मला गोंदियातली आपली शेड आठवली. त्र्याऐंशी ते सत्त्याऐंशी. धान उकडून उसना तांदूळ करणाऱ्या मिला, त्यांचे वाफेचे पाइप, उदाराम मिस्त्री, तू आणि मी. पोत्यातली भुकटी पाण्यात कालवायची आणि पाइपांवर लेप द्यायचा. आपण तर त्याला नुसता ‘लेप’च म्हणत होतो. डॉक्टर म्हणाले, ती भुकटी श्वासासोबत आत जाते आणि तीस-चाळीस वर्षं गप्प बसते.

तू पण छाती दाखवून घे. तू तिथंच होता. मुख्य हे सांगायलाच पत्र लिहिलं.

माझे किती दिवस, हेही मी डॉक्टरला विचारलं. पाच वर्षं जगलेले लोक आहेत म्हणाले. तेव्हा घाबरू नको. सवड झाली की येऊन जा.

तुझा
केशोराव


कोहमारा
२६ जून २०२४

केशो,

पोस्टमननं तुझा लिफाफा ढाब्यावर आणून दिला तर रूपेश म्हणे, बाबा, कोर्टाचा कागद आला काय. म्या म्हटलं, माझ्यावर केस कराले एकच माणूस आहे, तोच असन.

वाचलं. दोनदा वाचलं. मंग गल्ल्यावर रूपेशले बसवून मागच्या बाजूले जाऊन तिसऱ्यांदा वाचलं. पाच वर्षं आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला गा. पाच सालात काय काय होते. नवीन दवाई निघते, डॉक्टर बदलते. तू तर पाण्यातला माणूस, तलावावर जाळं ओढून ओढून छाती तयार झाली तुही. तू पाचाचे सात करशीन.

माझं म्हणशीन तर मले काही झालं नाई. सकाळी पाचले उठून भट्टी लावतो, दिवसभर उभा राहतो. छाती दाखवाले कायले जाऊ.

धानाचा रोवणा झाला का येतो. आता बांधीत चिखल आहे, मजूर भेटून नाई राहिले.

वहिनीले सांगजो.

केवळराम


नवेगाव बांध
४ ऑगस्ट २०२४

केवळराम,

तुझा रोवणा झाला असेल. आमचा झाला. यावर्षी पहिल्यांदा मी वावराच्या धुऱ्यावर खुर्ची टाकून बसलो आणि बाया मला पाहून गाणं म्हणायच्या थांबल्या. मग तुझी वहिनी चमेली ओरडली, "म्हणा वो, ते काही पाव्हणे नाहीत." तेव्हा सुरू झाल्या.

दर एकवीस दिवसांनी सलाईनमधून औषध देतात. तीन झाले, तीन राहिले. त्यानंतर चार दिवस तोंडात लोखंडाची चव राहते. भात खाल्ला तरी खिळा चोखल्यासारखं वाटते. पण छातीतलं पाणी कमी झालं आहे आणि मी तलावाच्या पाळीपर्यंत चालत जातो.

तुला एक गंमत सांगतो. नागपूरचा आमचा रस्ता तुझ्या ढाब्यासमोरूनच जातो. जाताना घाई असते, उपाशी पोटी रक्त द्यायचं असते, म्हणून थांबत नाही. येताना मी ओकत असतो, म्हणून थांबत नाही. पण काच खाली करून पाहतो. दोन वेळा तू दिसला. एकदा तू कोणावर तरी रागावून राहिला होता. बरं वाटलं.

दवाखान्यात माझ्या बाजूच्या खाटेवर एक शाळामास्तर होते, मूळचे तिकडं बालाघाटचे. त्यांनाही हेच. शाळेत काम करून हे कसं, तर म्हणाले, माझे वडील शेडच्या छपराचे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे कापत, मी त्यांना डबा घेऊन जायचो. एवढंच. डबा द्यायला जाणं.

उदाराम मिस्त्री टीबीनं गेले असं आपण धरून होतो. मला आता तसं वाटत नाही. त्यांच्याही गोळ्या लागू पडल्या नव्हत्या, आठवते काय? छाती दाखवली काय, ते लिही. आणि ये.

केशोराव


कोहमारा
२ सप्टेंबर २०२४

केशो,

उशीर झाला, रागावू नको. माझे गुडघे धरले आहेत. त्यात आचल, रूपेशची पोरगी, तापानं पडली होती, साकोलीले दवाखान्यात नेत होतो. आता बरी आहे.

दिवाळी होऊन जाऊ दे. दिवाळीत हायवेवर गर्दी राहते, ढाबा सोडून निघता येत नाई. मंग मोकळा आहो. पाच वर्षं आहेत गा आपल्याजवळ, पन्नास खेपा येईन. तुह्या घरचे मासे खाऊन खाऊन वहिनी कटाळून जाईन.

मास्तरचं वाचून बेकार वाटलं. ते कसे आहेत आता?

केवळराम


नवेगाव बांध
१० ऑक्टोबर २०२४

केवळराम,

मास्तर गेले. रिपोर्ट आल्यापासून पाच महिन्यांत.

अठ्ठावीस सप्टेंबरला येताना मी दुर्गेशला म्हटलं, आज थांब. ओकलो तर ओकलो. ढाब्यावर गाडी लावली. रूपेशनं खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हणाला, "बाबा साकोलीले गेले." पोरगा भला आहे, खोटं बोलताना माझ्याकडं पाहात नव्हता. तुझी मोपेड दारात उभी होती. तुझ्या चपला भटारखान्याच्या उंबरठ्यावर होत्या. मी अर्धा तास बसलो. चहा प्यायलो. मग दम लागला म्हणून निघालो.

तू काऊन लपला हे मी विचारणार आहे. पण त्याआधी माझं खोटं सांगतो, म्हणजे तुला बोलायला जागा होईल.

डॉक्टर पाच वर्षं म्हणाले हे खरं, पण ते अर्धंच. मी विचारलं होतं, "साहेब, किती?" ते म्हणाले, "एका माणसाचं कोणी सांगू शकत नाही, काका." मी म्हटलं, "मग जास्त माणसांचं सांगा." तेव्हा त्यांनी कागदावर शंभर लिहिलं. म्हणाले, तुमच्यासारखे शंभर जण धरले तर वर्षाच्या आत पन्नासेक जातात, पन्नासेक राहतात. दोन वर्षांनी वीस-पंचवीस. पाच वर्षांनी आठ-दहा. मी विचारलं, "मी कोणत्या पन्नासात?" म्हणाले, "ते मला आज माहीत नाही. तुमचा प्रकार त्यातल्या त्यात बरा आहे, तुम्ही चालते-फिरते आहात, औषध लागू पडलं तर थोडं जास्त. पण हा आकडा सगळ्यांचा मिळून आहे. तुमच्या एकट्याचा नाही."

त्यातले शेवटचे आठ-दहा उचलले आणि तेवढेच तुला लिहून पाठवले.

कायले, तर सांगतो. घरात सगळ्यांना खरं माहीत आहे. दुर्गेश माझ्यावर पाच महिन्यांत एकदाही रागावला नाही. आधी आमचं रोज वाजत होतं. चमेली वाढताना माझ्या ताटाकडं पाहात नाही, माझ्याकडं पाहते. गावातले लोक हळू बोलतात. तू एकटा असा होता की ज्याच्या हिशेबात माझी पाच वर्षं शिल्लक होती. तुझं पत्र यायचं, तू पन्नास खेपा लिहायचा आणि तेवढा वेळ मी पाच वर्षंवाला माणूस व्हायचो.

पण त्या पाच वर्षांच्या भरवशावर तू येणं पुढं पुढं ढकलू लागला. तेव्हा समजलं की खोटं मी बोललो आणि दिवसही माझेच जाऊन राहिले.

वीस मेपासून मोज. मी कोणत्या पन्नासात आहे हे मला माहीत नाही. म्हणून दिवाळीनंतर म्हणू नको.

केशोराव


कोहमारा
१६ ऑक्टोबर २०२४

केशो,

मी भटारखान्यातच होतो. कणकीच्या डब्यामागं उभा होतो, म्हातारा माणूस, चोरासारखा. तू चहात बिस्कीट बुडवून खाल्लं ते पाहिलं. तू उठताना टेबल धरलं ते पाहिलं. तू गेल्यावर रूपेश आत आला, म्हणे, "बाबा, मले पुन्हा असं कराले सांगू नका."

आता आयक. मी छाती दाखवली. जुलैतच दाखवली. तुह्या पहिल्या पत्रानंतर मले झोप येईना, म्हणून कोणाले न सांगता नागपूरले गेलो. फोटो काढला, मशीनमंधी घालून काढतात तोही काढला. डॉक्टरीणबाई म्हणाली, "साफ आहे, काका, काहीच नाही. दरवर्षी येत जा." मी बाहेर आलो आणि पायऱ्यांवर बसून रडलो. लोकांले वाटलं याले काहीतरी वाईट निघालं. एक बाई पाणी घेऊन आली. तिले काय सांगू की मी साफ निघालो म्हणून रडून राहिलो?

तुले सांगाले पायजे होतं. सांगू शकलो नाई, कारण त्याच्यामागं दुसरी गोष्ट आहे.

पहिल्या वर्षी आपण दोघंही आतमंधी होतो, शेडीत, भुकटी कालवाले. मले खोकला होये. मी उदाराम मिस्त्रीले म्हटलं, "मले शिडीवर द्या, पाइपावर लेप लावतो. केशो बसते आत. त्याले काही होत नाई." मिस्त्री हो म्हणाले. त्याच्यानंतर तीन वर्षं मी बाहेरच्या हवेत आणि तू बंद शेडीत, पांढराफेक. संध्याकाळी तू बाहेर ये तर पापण्याही पांढऱ्या असत. आपण हसत होतो.

मी तुले तिथं बसवलं, केशो. तुह्यासमोर कोणत्या तोंडानं येऊ? वहिनीसमोर कसा बसू? तू पाच वर्षं लिहिलं तर मले वाटलं, चला, वेळ आहे, कधी ना कधी हिंमत होईन.

आता तू म्हणशीन तसं.

केवळराम


नवेगाव बांध
२१ ऑक्टोबर २०२४

केवळराम,

तुझं पत्र वाचून मला हसू आलं आणि हसण्यानं खोकला आला आणि चमेली धावत आली. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दोघंही सारखेच."

तू मिस्त्रींना सांगितलं, त्याच्या आठ दिवस आधी मी त्यांच्या घरी गेलो होतो. नवेगावहून आणलेले मासे घेऊन, चांगले दोन शेराचे. आणि म्हटलं होतं, "मिस्त्री, मले आतलंच काम ठेवा. शिडीवर मले चक्कर येते." चक्कर बिक्कर काही येत नव्हती. आत सावली होती. बसून काम होतं. तू वर चढायचा, खालून वाफ, वरून ऊन. तुझ्या दोन्ही हातांना फोड आले होते आणि तू संध्याकाळी भाकर मोडू शकत नव्हता. मी तुझ्या ताटात मोडून द्यायचो ते दयेनं नाही, लाजेनं. दुपारी तर मी त्याच पोत्यांवर झोपत होतो. मऊ लागायची.

तीन वर्षं मला एकच भीती होती, की तू एक दिवस म्हणशील, केशो, आता अदलाबदल करू.

मिस्त्रींना काय माहीत होतं? आपल्याला काय माहीत होतं? ज्यांना माहीत होतं त्यांनी पोत्यावर एक ओळ लिहून ठेवली असती तर मी ती वाचली असती. सातवी पास होतो मी.

सकाळी नऊच्या आसपास ये. त्या वेळी माझा दम चांगला असतो.

केशो


नवेगाव बांध
२० मे २०२५

केवळराम,

तू दर सोमवारी येतो, बाजूला बसतो आणि आपण दोघं तलावाकडं पाहात बसतो. मला बोलवत नाही आणि तुला ऐकू येत नाही. चमेली म्हणते, यांची भेट म्हणजे दोन बैल बांधल्यासारखी. म्हणून जे बोलायचं ते लिहून ठेवतो. सोमवारी हातात देईन, घरी जाऊन वाच.

आज वर्ष झालं.

सकाळी उठलो तेव्हा आधी हे आठवलं. म्हणजे मी दुसऱ्या पन्नासातला निघालो. आनंद झाला, पण फार नाही. कारण माझ्यासोबत उभे असलेल्यांतले जे पन्नास गेले असतील त्यांच्यातले मास्तर मला माहीत आहेत. ते माझ्यापेक्षा शिकलेले होते, बिडी पीत नव्हते, गोळ्या वेळेवर घेत होते. त्यांनी काय कमी केलं?

दुसरी अडचण अशी की मी वर्षाचीच तयारी केली होती. वावर दुर्गेशच्या नावे केलं. मासेमार संस्थेतून नाव काढून घेतलं. माझं जाळं पुतण्याला दिलं. सगळ्यांना जे सांगायचं ते सांगून झालं. आणि मी आहेच. परवा पुतण्या जाळं घेऊन निघाला तर मला राग आला. चांगलं हातानं विणलेलं जाळं, नीट वाळवत नाही. मी त्याला म्हटलं, "आण इकडं." दुर्गेश म्हणाला, "बाबा, एकदा दिलं ना." मी म्हटलं, "मले काय माहीत होतं." मग आमचं दोघांचं चांगलंच वाजलं. एका वर्षानं वाजलं. मला फार बरं वाटलं.

डॉक्टरला या खेपेला मी आकडा विचारला नाही. त्यांनीच सांगितलं, गाठ पुन्हा वाढून राहिली आहे. अजून औषध देता येईल, पण फायदा थोडा आणि त्रास जास्त. नाहीतर दुखणं कमी करायचं आणि पाणी भरलं की काढायचं, एवढंच करू. मी दुसरं घेतलं. घरी सांगितलं आहे. तुलाही पूर्ण सांगून राहिलो, यावेळी अर्धं नाही.

केशो


कोहमारा
२ जून २०२५

केशो,

मीही लिहूनच आणलं.

आपल्या शेडीतले जे सापडले त्यांच्या घरी जाऊन आलो. उदाराम मिस्त्रीची बायको, रुख्माबाई, आता ऐंशीची आहे. तिनं सांगतलं, मिस्त्रीच्या छातीतून तीनदा पाणी काढलं होतं आणि टीबीच्या गोळ्या सरल्या तरी दम वाढतच गेला. तुह्यासारखंच. मी तिले काही बोललो नाई. मंग वाटलं, काऊन नाई बोलावं? सांगतलं. ती म्हणे, "म्हणजे ते बिडीनं नाई गेले? मी त्यांले मरेपर्यंत बोलत होती बिडीवरून." मले समजलं नाई, सांगून बरं केलं का वाईट.

सेवकराम तिकडं सालेकस्याले राहते. त्याले मी नागपूरले नेलं. त्याच्या आवरणावर जाडी आली आहे, पण कॅन्सर नाई म्हणाले, दरवर्षी दाखवा. इंद्रकुमार साफ आहे. बाकी दोघं आधीच गेले, कशानं ते त्यांच्या पोरांले माहीत नाई.

तू औषध बंद केलं ते वाचून मी दिवसभर रूपेशवर खेकसत होतो. आता ठीक आहे. तुह्या जिवाची गोष्ट आहे.

सोमवारी येतोच.

केवळराम


नवेगाव बांध
२० सप्टेंबर २०२५

केवळराम भाऊजीस चमेलीचा नमस्कार.

मी सांगून राहिली आणि दुर्गा लिहून राहिली. ती माझं बोलणं सुधारते, तिले म्हटलं सुधारू नको.

तेरवीले तुम्ही पंगतीत वाढत होते म्हणून बोलता आलं नाई. शेवटचं तुम्हाले सांगाले पायजे. पोळा झाला, त्याच्या सहाव्या दिवशी, दुपारची वेळ. सकाळी पाणी काढून आणलं होतं, म्हणून दम जरा मोकळा होता. नागपूरच्या डॉक्टरनं देलेली दुखण्याची दवाई होती, त्याच्यानं दुखत नव्हतं. मी बाजूले बसून शेंगा सोलत होती. ते म्हणाले, "दुर्गेश कुठं आहे?" मी म्हटलं, वावरात. म्हणाले, "निंदण झालं काय?" मी म्हटलं, होऊन राहिलं. मंग डोळे मिटले. मले वाटलं झोपले. दोन-तीनदा मोठा श्वास घेतला आणि नाई घेतला. मी हाक मारली नाई. कायले मारू? पंधरा महिने त्याईले श्वास घेताना पाहिलं होतं. म्हटलं, आता राहू द्या.

तुमची पत्रं ते मले वाचून दाखवत. तुम्ही भटारखान्यात लपले ते पत्र तर तीनदा वाचलं. त्या पत्रानंतर तुम्ही पहिल्यांदा आले, दारात चपला काढल्या आणि आत येईनात, तेव्हा मी तुम्हाले म्हटलं होतं, "भाऊजी, माझ्या मनात काही नाई." ते वरवरचं नव्हतं. आज पुन्हा सांगते.

तेरवीच्या दिवशी जाता जाता तुम्ही म्हणाले, "वहिनी, तुम्हीही छाती दाखवा. त्याचे शेडीतले पांढरे झालेले कपडे तुम्हीच झटकत होत्या, तुम्हीच धुवत होत्या." दुर्गेश घाबरला, म्हणाला, काकांनी आत्ताच कायले काढलं. पण मले राग आला नाई. मले ते आधीपासून समजत होतं. मास्तरची गोष्ट त्याईनं वाचून दाखवली तेव्हाच समजलं. त्याईलेही समजलं होतं. दोघंही बोललो नाई. त्याईले एवढं एक सांगायचं राहिलं असन, मले एवढं एक विचारायचं राहिलं.

तर मी येते. रोवणा होऊन गेला, धान कापायले वेळ आहे. हा सोमवार नाई, त्याच्या पुढचा, एकोणतीस तारखेचा. आठ वाजता गाडी घेऊन या. दुर्गेशले सांगत नाई असं नाई, सांगते, पण त्याले सोबत आणत नाई. त्याले एका वर्षात एवढं बस झालं.

डॉक्टर काय म्हणतील ते मीच विचारीन. काही निघालं तर शंभरातले किती, कोणते, किती दिवस, सगळं विचारीन आणि आल्यावर घरात सगळ्यांले तेच सांगीन. काही नाई निघालं तर तेही सांगीन, आणि तुमच्यासारखी पायऱ्यांवर रडत बसणार नाई.

तुम्ही बाहेर बसा. तुम्हाले तसंही आत ऐकू येणार नाई. दुर्गा दोघांचा डबा करून देते म्हणते.

चमेली